डबलरोटीला इस्त्री

लग्न होऊन मी सुलतानपूरला आले तेव्हा माझ्या तोंडातून दिवसभरात दोनच शब्द निघत. एक 'हाव', म्हणजे हो, आणि दुसरा 'नाई'. शाळा चौथीपर्यंत झाली होती, वाचता-लिहिता बरं येत होतं, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. सासूबाई शेजारणींना सांगत, "सून कामाची हाय, गुनाची हाय, फक्त देव आवाज टाकाचा इसरला."

घरात माझ्याशी मनापासून बोलणारी एकच, माझी धाकटी नणंद. ती माझ्याच वयाची होती, पण मी तिला ताई म्हणायचे. ती दोघींच्याही वाटणीचं बोलायची. मी नुसती मान हलवली तरी तिला त्यातून सगळं समजायचं, आणि नाही समजलं तर ती आपल्या मनानं ठरवून घ्यायची.

त्या थंडीत ताईची सोयरीक देऊळगाव राजाला जमत आली होती. पसंती झाली होती, साक्षगंध तेवढं व्हायचं होतं. आम्ही सगळे जीव मुठीत धरून होतो, कारण आधीचं एक स्थळ साक्षगंधाच्या आदल्या आठवड्यात मोडलं होतं. ताई अंगानं बारीक. 'पोरगी बिमारीची दिसते' असं कोणीतरी तिकडे जाऊन सांगितलं आणि त्या लोकांनी येणं बंद केलं. खरं म्हणजे ताई विहिरीवरून दोन घागरी डोक्यावर आणि एक कमरेवर अशी आणायची. पण घागरी मोजायला कोण येतो? तेव्हापासून सासूबाईंनी घरात खोकायचीसुद्धा बंदी केली होती.

हा नवा मुलगा मुंबईला एका कचेरीत कारकून होता. पाहायला आला तेव्हा बैठकीत आमच्या ह्यांच्याजवळ मुंबईच्या गोष्टी सांगत बसला. मुंबई नुकतीच महाराष्ट्राला मिळाली होती, म्हणून सगळे मोठ्या मायेनं ऐकत होते. दाराआड आम्ही दोघी. तो म्हणाला, तिकडे इराण्याच्या हॉटेलात सँडविच नावाचा एक पदार्थ मिळतो. डबलरोटीच्या दोन कापांमध्ये चीज घालायचं, सोबत काही गोड, काही तिखट, आणि खरपूस भाजायचं. आतलं चीज वितळून तार धरतं. "ते एकदा खाल्लं की मानूस जेवन इसरते," तो म्हणाला.

पाहुणे गेल्यावर ताई चुलीपाशी येऊन बसली. तिचा चेहरा उतरला होता.

"वयनी, आता कसं होईन? मले भाकर येते, पिठलं येते, वांग्याचं भरीत येते. तो त जेवन इसरते म्हनते. मंग माह्या हातचं काय खाईन?"

मी मान हलवली.

"तू म्हनते ते खरं हाय," ती म्हणाली. मी काहीच म्हटलं नव्हतं. "हे शिकलंच पाह्यजे."

सासूबाई दळण निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "काय शिकून राह्यल्या?"

"सँडविच."

"सांडवीच? सांडवाचं कायले व? खायाचं असन त खाव."

पुढच्या आठवड्यात आमचे हे कापसाच्या कामानं खामगावला निघाले. ताईनं त्यांच्यामागे धोशा लावला. लाडकी बहीण, दोन महिन्यांत सासरी जायची, तेव्हा ते कबूल झाले. दोन दिवसांनी परत आले तेव्हा त्यांच्या पिशवीत एक पत्र्याचा डबा होता आणि हातात कागदात गुंडाळलेली अख्खी डबलरोटी. पिशवीत चेंगरली असती म्हणून बसमध्ये सबंध वाट ती तान्ह्या लेकरासारखी मांडीवर घेऊन बसले होते.

जेवताना ते डबा मिळवल्याची गोष्ट सांगायला लागले.

"दुकानदार म्हनते, क्या चीज चाहिए? मी म्हटलं, चीज. तो म्हनते, हां, मगर कौनसी चीज? मी म्हटलं, चीज. तो म्हनते, भाईसाब, सुबह से कोई और नहीं मिला क्या? दुसऱ्या दुकानात गेलो, तिथंबी तेच. तिसऱ्या दुकानात मी तोंडच उघडलं नाही, इकडून तिकडं सगळ्या फळ्या पाह्यल्या आन् बोट दाखवलं."

मला चौथीतलं आठवलं. 'कष्टाचे चीज होणे' याचा वाक्यात उपयोग करा, असं गुरुजींनी फळ्यावर लिहिलं होतं. म्हणजे कष्टाचं जे होतं ते हे असं डब्यात भरून खामगावला विकतात, असं मनात आलं आणि मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून मी चुलीकडे वळले. कोणाला सांगितलं नाही.

आमच्याकडे तेव्हा डबलरोटी धडधाकट माणूस खात नसे. ताप उतरला, बाळंतीण अशक्त झाली, दवाखान्यातून कोणी घरी आलं, तर डॉक्टर दूध-डबलरोटी सांगत. ज्या घरात डबलरोटी गेली त्या घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलं, हे सगळ्या गावाला कळायचं. त्याला दवंडी लागत नसे. आणि आमच्या ह्यांनी तर ती भर बसमधून, मांडीवर घेऊन, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणली होती.

सकाळी झाडलोट व्हायच्या आतच शेजारच्या काकू अंगारा घेऊन दारात. या काकूंचं माहेर देऊळगाव राजा.

"कोन बिमार हाय व?"

"कोनीच नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मंग डबलरोटी?"

"आनली अशीच."

"अशीच?" काकूंनी घरात मान घालून पाहिलं. ताई आत कांदा चिरत होती. तिचे डोळे लाल, नाकातून पाणी. काकूंनी अंगारा मुकाट्यानं उंबऱ्यावर ठेवला, सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "देव हाय पाठीशी. मी कोनाले नाही सांगत." आणि दुपारच्या बसनं त्या माहेरी गेल्या.

आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, कारण आम्ही डब्यात अडकलो होतो. तो उघडायचा कसा हे डब्यावर इंग्रजीत लिहिलेलं असावं. विळीनं पाहिलं, अडकित्त्यानं पाहिलं. शेवटी ताईनं खिळा आणि वरवंटा घेऊन चारी बाजूंनी भोकं पाडली. आतून पिवळसर, घट्ट वडी निघाली. सासूबाईंनी वास घेतला.

"हा त धुन्याचा साबन हाय. पोरानं पैसे बुडवले."

"नाई माय, दुधाचं असते ते."

"दूध? डब्यात? मंग नासलं हाय. दे फेकून."

ताईनं एक तुकडा तोंडात टाकला. सावकाश चघळला. मग म्हणाली, "खारट हाय. पन जिवंत हाय मी."

डबलरोटीचे काप विळीवर करताना एक बाजू विटेसारखी जाड आली आणि दुसरी पापडासारखी. पहिला डाव सगळा वाया गेला. तव्यावर तूप टाकून दोन काप ठेवले, मध्ये चीज. खालचा काप जळून कोळसा झाला तरी आतलं चीज जसंच्या तसं थंड बसलेलं. उलटायला गेले तर वरचा काप एकीकडे, खालचा दुसरीकडे, आणि चीज चुलीत. घरभर असा वास सुटला की सासूबाईंनी देवापुढे जादाची उदबत्ती लावली.

संध्याकाळी ताई आमच्या ह्यांच्या सदऱ्याला इस्त्री करत होती. आमच्याकडे लोखंडी इस्त्री नव्हती. पितळेच्या सपाट बुडाच्या तांब्यात निखारे भरायचे, गळा सांडशीत धरायचा आणि तो कपड्यावरून फिरवायचा. मी भाकरी थापता थापता ते पाहत होते. खालून तव्याची आच आणि वरून हा तांब्या, असं झालं तर? मी ताईच्या दंडाला धरलं, आधी तांब्याकडे बोट दाखवलं, मग डबलरोटीकडे.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "वयनी," ती म्हणाली, "तू बोलत नाही तेच बरं. बोलली असती त आतापावतर गावाची सरपंच झाली असती."

दुसऱ्या दिवशी तांब्याचं बूड चिंचेनं घासून लखलखीत केलं. एका कापाला उन्हाळ्यात केलेला गुळांबा लावला, दुसऱ्याला हिरव्या मिरचीचा ठेचा. मध्ये चीज आणि बारीक चिरलेला कांदा. बाहेरून तूप. तव्यावर ठेवून वरून निखाऱ्याचा तांब्या हळूहळू दाबला. चर्र असा आवाज आला. कडेनं चीज सुटून बाहेर डोकावलं. ताईनं दोन तुकडे केले तेव्हा मध्ये तार धरली, मुंबईचा पाहुणा म्हणाला होता तशीच. आधी गोड लागलं, मग खारट, आणि मग ठेच्यानं कान गरम झाले. सासूबाईंनी दुरूनच विचारलं, "कसं हाय?" ताईला तोंड भरल्यामुळे बोलता आलं नाही. मी म्हटलं, "हाव."

उरलेली डबलरोटी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, ताईचा हात बसावा म्हणून. दोन-तीन दिवसांनी शेवटचे काप काढले. ते थोडे वाळले होते, पण वाळल्यावर ते जास्तच कुरकुरीत होत. सँडविच तव्यावर ठेवलं, तांब्या वर दाबला, आणि तेवढ्यात अंगणात काकूंचा आवाज आला, "घरात हायेत का? पाहा कोनाले आनलं मी!"

सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. काकूंबरोबर देऊळगाव राजाच्या होणाऱ्या विहीणबाई होत्या. मुलाची आई. न कळवता, नुसत्या हातातल्या पिशवीनिशी.

आम्ही तिघी समजून चुकलो. हे स्थळही हातातून चाललं. ताईनं माझा पदर घट्ट धरला. सासूबाईंनी तिला मागच्या खोलीत ढकललं, "जाय, नवं लुगडं नेस, तोंड धू, हसत ये." आणि स्वतः पदर सावरत बाहेर गेल्या.

विहीणबाईंनी पाणीही घेतलं नाही. त्यांची बोली जालन्याकडची. "इहीणबाई, खरं सांगा. पोरीला काय होतंय?"

"पोरीले? काही नाही बापा!"

"मग डबलरोटी कामून आली घरात?"

सासूबाईंची पंचाईत झाली. पोरगी तुमच्या लेकाच्या आवडीचं शिकून राह्यली, हे कसं सांगावं? साक्षगंधाच्या आधीच मुलाच्या आवडीनिवडी पोरीला ठाऊक, म्हणजे निर्लज्ज म्हणणार. सांगितलं तर निर्लज्ज, नाही सांगितलं तर बिमार. त्यांची नजर दारात उभ्या असलेल्या माझ्यावर पडली.

"सून बिमार हाय," त्या म्हणाल्या.

मी इकडेतिकडे पाहिलं. दुसरी सून नव्हती.

पुढच्या क्षणी मी मधल्या खोलीत वाकळेखाली होते आणि विहीणबाई माझ्या उशाशी. त्यांनी माझा हात हातात घेतला. मी नुकतीच चुलीपासून उठलेली.

"अगं बाई, हात तर तापलाय की! घाम बी सुटलाय. कधीपासून होतंय?"

मी वाकळ हनुवटीपर्यंत ओढली.

"जेवण जातं का?"

मी "हाव" म्हणणार होते, पण सासूबाईंनी पलीकडून डोळे वटारले. मी "नाई" म्हटलं.

विहीणबाई माझ्याकडे वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दिवस तर गेले नाईत ना?"

मी वाकळ डोक्यावरून ओढली. "मले तेच वाटत होतं," दारातून काकू म्हणाल्या. घटकाभरापूर्वी त्यांना ताईच आजारी वाटत होती.

वाकळेच्या आत मला वास आला. तूप करपायला लागल्याचा. तव्यावर शेवटचं सँडविच, त्यावर निखाऱ्याचा तांब्या, आणि तिथं कोणीही नव्हतं. शेवटची डबलरोटी, शेवटचं चीज. विहीणबाई माझी नाडी धरून बसल्या होत्या. वास वाढत गेला. मी दहा वेळा मनाला सांगितलं की तू बिमार आहेस, पडून राहा. अकराव्यांदा मी वाकळ भिरकावली आणि चुलीकडे पळाले.

"अवो, बिमार माणूस पळालं की!" मागून विहीणबाईंचा आवाज आला, आणि त्या पाठोपाठ आल्याच.

मी सांडशीनं तांब्या उचलून धरला होता. तव्यावर डबलरोटी, तिच्यावर तांब्याच्या बुडाचा गोल ठसा. विहीणबाई तांब्याकडे पाहत राहिल्या.

"हे काय चाललंय? डबलरोटीला इस्त्री?"

सासूबाई भिंतीला टेकल्या. ताई नव्या लुगड्यात दारात उभी, चेहरा पांढराफटक. ती काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली. सासूबाई बोलतील म्हणून वाट पाहिली. कोणी बोलेना. मग ज्या बाईच्या तोंडून बोलणं निघालं ती मीच होते, हे मला नंतर कळलं.

"मी बिमार नाही. ताईबी बिमार नाही. तुमच्या लेकाले हे लय आवडते म्हने, तो बैठकीत सांगून राह्यला होता, आमी दाराआडून आयकलं. मुंबईत तिले कोन शिकवन? म्हनून इथंच शिकलो. डबलरोटी बिमारासाठी नाही, तुमच्या लेकासाठी आनली हाय."

सासूबाईंचं तोंड उघडं राहिलं. ताईनं मान खाली घातली. काकू म्हणाल्या, "इले बोलता येते?"

विहीणबाई चुलीपाशी खाली बसल्या. मी करपलेली बाजू सुरीनं खरवडली, दोन तुकडे केले आणि एक त्यांच्यापुढे ठेवला. मध्ये तार लोंबत होती. त्यांनी ती बोटावर घेतली.

"ही कोणती चीज हाय?"

"चीज," मी म्हटलं.

"ते झालं. पण कोणती चीज?"

"चीज."

"पोरी, मस्करी करती का माझी?"

"नाई व इहीनबाई," सासूबाई कळवळून म्हणाल्या, "मघाशी बोलली ते पुऱ्या सालाचं होतं. आता तिले एवढंच येते."

विहीणबाईंनी घास घेतला. गुळांबा लागला तेव्हा भुवया वर गेल्या. मग ठेचा लागला. डोळ्यांत पाणी आलं. आम्ही चौघी त्यांच्या जबड्याकडे पाहत होतो. त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, बोटं चाटली आणि पदरानं डोळे पुसले.

"धाकट्याच्या बाळंतपणाला मला जालन्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "तिथं सकाळ-संध्याकाळ डबलरोटी. इतकी गोड लागली की घरी जाऊ वाटंना. त्याच्यानंतर एक कुटका तोंडात गेला नाय. मागू कशी? धडधाकट बाईनं डबलरोटी मागायची म्हंजे काय? एकदा मी मालकांना आणा म्हणाले, तर घर गोळा झालं, काय होतंय, कुठं दुखतंय. म्हटलं, डोकं दुखतंय. मालकांनी डबलरोटी नाय आणली, कडू काढा पाजला."

पहिल्यांदा हसल्या त्या सासूबाई. घाबरून हसल्या, पण हसल्या. मग विहीणबाईच इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि सासूबाई सवयीनं म्हणाल्या, "खोकू नका, कोनी आयकन."

हसणं थांबल्यावर विहीणबाईंनी ताईला समोर बसवलं. दुसरा तुकडा तिच्या हातात दिला. "खा. बघू दे मला."

ताई इतकी घाबरली होती की तिनं तो तीन घासांत संपवला. ठेच्याची मिरची चावून खाल्ली, पाणीसुद्धा मागितलं नाही. मग चुकून ताटलीत सांडलेला कांदाही वेचून खाल्ला.

विहीणबाई काकूंकडे वळल्या. "ही बिमार हाय व्हय? माझ्या घरात पीठ पुरंल का, याची काळजी करा." आणि सासूबाईंना म्हणाल्या, "साक्षगंधाचा दिवस काढा. आन् दिवस सांगायला येताना एक डबलरोटी आणा. लुगड्यात बांधून आणा, कोणाला दिसू देऊ नका."

फाल्गुनात लग्न झालं. ताई मुंबईला गेली. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा चुलीपाशी बसून पोट धरून हसायला लागली.

"वयनी, त्यानं त कधी खाल्लंच नोतं! हॉटेलच्या काचेतून पाह्यलं होतं फक्त. मी करून घातलं त म्हनते, याच्यात ठेचा असते हे मले कोनी सांगतलं नोतं."

तेव्हापासून आमच्या घरून देऊळगाव राजाला जो कोणी जाई, त्याच्याजवळ विहीणबाईंची डबलरोटी असे. खामगावहून ती आमचे हेच आणत. बसमध्ये कोणीतरी विचारायचंच, "घरी कोन बिमार हाय?" विहीणबाईंचं नाव घ्यायचं नाही, असं ठरलेलं. ताईचं तर घ्यायचंच नाही. मग ते सरळ सांगत, "बायको."

अशी मी वर्षानुवर्षं बिमार राहिले. तीन बाळंतपणं झाली, शेतात निंदणं-खुरपणं केलं, तापानं कधी एक दिवस अंथरूण धरलं नाही. पण अजूनही आठवडी बाजारात एखादी म्हातारी मला थांबवते, गालावरून हात फिरवते आणि विचारते, "आता बरं हाय का व बाई?"

तिला सगळं सांगायचं तर पार जालन्याच्या दवाखान्यापासून सुरुवात करावी लागेल. मी म्हणते, "हाव."